हार्डबोर्डसाठी लाकूड निवडताना: वखारीपासून प्रेसपर्यंत

शाळेतलं परीक्षेचं पॅड आठवा. वर चिमटा, पुढची बाजू तपकिरी, गुळगुळीत, आणि मागची बाजू जाळीच्या खुणांनी भरलेली. जुलैतल्या घटक चाचणीला जाताना दप्तरात पाणी शिरलं की काहींच्या पॅडच्या कडा फुगून पापुद्रे सुटायचे, आणि काहींचं पॅड थेट दहावीच्या बोर्डापर्यंत साथ द्यायचं. दोन्ही हार्डबोर्डच. कदाचित एकाच कारखान्यातले, फक्त वेगवेगळ्या महिन्यांतले.

मी बरीच वर्षं हार्डबोर्डच्या कारखान्यात आधी वखार आणि मग प्रयोगशाळा सांभाळली. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: सगळ्यात चांगलं लाकूड कोणतं? माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे. निलगिरीवर उत्तम बोर्ड होतो, सुबाभळीवर होतो, चिडावर होतो, तिघांच्या मिश्रणावरही होतो. होत नाही तो आज एक, उद्या दुसरं, परवा जे ट्रकमध्ये येईल ते, अशा खरेदीवर. म्हणून खाली जातींची माहिती आहेच, पण भर आहे तो आलेलं लाकूड ओळखायचं कसं, मोजायचं कसं आणि त्याप्रमाणे मशीन बदलायचं कसं, यावर.

बोर्ड धरून ठेवतं कोण?

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी विल्यम मेसन नावाचा माणूस सॉ मिलमधल्या पाइनच्या टाकाऊ तुकड्यांचं काय करावं याच्या मागे लागला होता. १९२४ मध्ये त्याने ढलप्या वाफेच्या मोठ्या दाबाखाली ठेवून तो दाब एकदम सोडला, लाकूड फुटून त्याचा कापसासारखा लगदा झाला, आणि गरम प्रेसमध्ये त्याचा कडक पत्रा तयार झाला. प्रेसची वाफेची झडप गळत होती, हा जेवायला गेला आणि परत आल्यावर त्याला तो पत्रा सापडला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, त्या लगद्यात त्याने डिंक-गोंद घातला नव्हता. तंतूंना चिकटवलं ते लाकडातल्याच लिग्निनने.

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे तंतू, त्यांना बांधून ठेवणारं लिग्निन आणि या दोघांच्या मधलं हेमिसेल्युलोज. ओल्या लाकडाला वाफ दिली की लिग्निन मऊ पडतं आणि तंतू न तुटता सुटे होतात. पुढे प्रेसच्या उष्णतेत तेच लिग्निन पुन्हा मऊ होऊन तंतूंना चिकटवतं. आज आपण थोडं फिनॉलिक रेझिन (चिकटवणारं रसायन) आणि पाणी अडवायला अर्धा-एक टक्का मेण घालतो, पण ओल्या पद्धतीच्या, म्हणजे पाण्यातल्या लगद्यापासून केलेल्या, बोर्डचा मुख्य आधार अजूनही लाकूडच आहे. म्हणूनच जात बदलली की बोर्ड बदलतो. पार्टिकल बोर्डमध्ये रेझिन वाढवून झाकता येणाऱ्या चुका इथे तेवढ्या झाकल्या जात नाहीत.

सूचिपर्णी झाडांचे, म्हणजे चीड, देवदार, पाइन यांचे तंतू साधारण ३ ते ४ मिलिमीटर लांब असतात. आपल्याकडच्या बहुतेक रुंदपर्णी झाडांचे जेमतेम १ मिलिमीटर. लांब तंतू एकमेकांत गुंततात आणि बोर्ड वाकवला तर सहज तुटत नाही. आखूड तंतूंनी पृष्ठभाग बारीक, घट्ट आणि रंगाला चांगला होतो, पण वाकवण्याची ताकद थोडी कमी पडते. दुसरा फरक हेमिसेल्युलोजचा. रुंदपर्णी लाकडातून वाफेत ॲसिटिक ॲसिड जास्त सुटतं. डायजेस्टरजवळ (ढलप्या वाफेत शिजवायच्या भांड्याजवळ) येणारा तो व्हिनेगरसारखा वास याचाच. हे ॲसिड लाकूड लवकर शिजवतं, आणि लक्ष नसेल तर करपवतंही.

पहिलं काम: ट्रक रिकामा होण्याआधी

बहुतेक कारखान्यांत लाकूड टनावर येतं, काट्यावर वजन होतं आणि एका ढिगात ओतलं जातं. तिथेच घोळ सुरू होतो. जातीप्रमाणे वेगळे चट्टे लावा, त्यावर तारखेची पाटी लावा, आणि जो ट्रक 'मिक्स जंगली' म्हणून येतो त्याचा चट्टा सगळ्यात लांब ठेवा. ओंडक्याचा ताजा कापलेला तोंडाचा भाग ओला करून दहा पटीच्या भिंगातून पाहायची सवय वखारीतल्या दोन माणसांना तरी लावा. साल काढलेली सुबाभूळ आणि कोवळी बाभूळ डोळ्यांना सारखी वाटू शकतात, पण ओल्या तोंडावरच्या छिद्रांची मांडणी ताडून पाहिली की चूक पकडता येते. प्रत्येक जातीची एक ओळखीची चकती ऑफिसच्या खिडकीत ठेवा, शंका आली की शेजारी धरायला.

याचा धडा मला महागात मिळाला. एका पावसाळ्यात सुबाभळीच्या ट्रकांत खालच्या थरात सालीसकट बाभूळ येत होती. वरून सगळं ठीक दिसायचं. चार दिवसांनी पत्र्यांवर मोहरीएवढे निळसर काळे ठिपके उमटले आणि रंगकाम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने अख्खी गाडी परत पाठवली. आम्ही तीन दिवस प्रेसच्या प्लेटा घासत बसलो. दोष प्लेटांचा नव्हताच. बाभळीच्या सालीतलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि नव्या बोअरच्या पाइपमधला गंज यांची गाठ पडली होती.

दुसरं काम: बादलीतली घनता

लाकडाची घनता मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बादली, डिजिटल वजनकाटा, शिवणाची जाड सुई आणि एक ओव्हन एवढं पुरे.

ओंडक्याच्या मधल्या भागातून सालीशिवाय एक तुकडा काढा. त्याचं वजन करा, समजा ३८० ग्रॅम. आता पाणी भरलेली बादली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा सुईच्या टोकावर टोचून पूर्ण पाण्याखाली दाबा. बादलीला तो टेकता कामा नये, आणि बोटही पाण्यात जाऊ देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर हे तुकड्याचं आकारमान. समजा ४१२. मग तो तुकडा १०३ अंश सेल्सिअसला, वजन घटायचं थांबेपर्यंत, ओव्हनमध्ये ठेवा. मोठा तुकडा असेल तर दोन दिवस लागतात. शेवटचं वजन समजा २४७ ग्रॅम. २४७ भागिले ४१२ म्हणजे ०.६०, अर्थात घनमीटरला ६०० किलो.

याच तीन आकड्यांतून आणखी एक हिशेब मिळतो. ३८० ग्रॅममधले १३३ ग्रॅम पाणी होतं, म्हणजे सुक्या वजनाच्या ५४ टक्के. तुम्ही १ टनाचे पैसे दिले, पण लाकूड आलं ६५० किलो. खरेदीखात्याला हा कागद दर आठवड्याला दाखवा. भावाची बोलणी बदलतात.

घनतेचा बोर्डशी संबंध असा. हार्डबोर्ड घनमीटरला ९०० किलोच्या वर दाबला जातो. ४०० ते ६५० किलोच्या लाकडाच्या तंतूंच्या भिंती पातळ असतात. प्रेसमध्ये ते चपटे होतात, फितीसारखे एकमेकांवर बसतात आणि त्यांना चिकटायला जागा भरपूर मिळते. ८०० किलोच्या सुरूच्या लाकडाचे तंतू जाड भिंतीच्या बारीक नळ्यांसारखे असतात. दाबले तरी गोलच राहतात. त्यामुळे बोर्डचं वजन भरतं, पण पकड कमी, आणि रिफायनरची (शिजलेल्या ढलप्यांचे तंतू सुटे करणाऱ्या यंत्राची) मोटर जास्त वीज खाते ती वेगळीच.

तिसरं काम: रंग, आम्लता आणि हिराकस

हिरडा आणि हिराकस (लोहाचं सल्फेट) एकत्र आले की काळा रंग होतो हे रंगारी लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. तीच युक्ती वखारीत वापरा. शेतीदुकानात मिळणारं हिराकस चमचाभर घेऊन ग्लासभर पाण्यात विरघळवा आणि ताज्या कापलेल्या लाकडावर व सालीवर एकेक थेंब टाका. पाच मिनिटांत निळा-काळा डाग पडला तर टॅनिन भरपूर आहे. बाभूळ, खैर, ऐन यांच्या सालीवर तो लगेच पडेल. अशा लाकडाची साल काढल्याशिवाय ते चिपरकडे (ढलप्या पाडणाऱ्या यंत्राकडे) जाऊ देऊ नका, आणि कारखान्याच्या पाण्यातलं लोह तपासून घ्या.

मग आम्लता. लाकडाची पूड उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास ठेवून, गाळून, थंड करून पीएच बघा. बरीच लाकडं ४ ते ५.५ च्या दरम्यान येतात. ओल्या पद्धतीत तंतूंवर फिनॉलिक रेझिन बसवायला आपण तुरटी टाकून पल्पचा पीएच ४ ते ४.५ वर आणतो. लाकूड मुळातच आम्लयुक्त असेल तर जुन्या सवयीने ओतलेली तुरटी जास्त होते, रेझिन तंतूवर बसण्याआधीच त्याच्या गाठी होतात आणि बोर्डवर चट्टे दिसतात. सुक्या पद्धतीने एमडीएफ करणाऱ्यांना ही काळजी दुप्पट, कारण युरिया रेझिन आम्लातच पिकतं. लाकूड आंबट असेल तर रेझिन प्रेसमध्ये पोहोचायच्या आधीच पिकून मोकळं होतं.

जातवार अनुभव

निलगिरी. तंतू आखूड, पण एकसारखे. ब्राझीलमध्ये तर हार्डबोर्डचा मोठा उद्योग निलगिरीच्या लागवडीवरच उभा राहिला, तेव्हा 'निलगिरी म्हणजे कागदासाठीच' हे मनातून काढून टाका. बोर्ड गडद तपकिरी होतो, पृष्ठभाग छान घट्ट येतो. अडचण दोन ठिकाणी येते. चार-पाच वर्षांची कोवळी निलगिरी आणि पक्की निलगिरी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि काही ओंडक्यांत लालसर डिंकाच्या शिरा असतात. त्या शिरा प्रेसच्या प्लेटला चिकटतात. कापताना दिसल्या तर तो ओंडका बॉयलरला द्या.

सुबाभूळ माझी आवडती. सत्तरच्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेने चारा आणि सरपणासाठी तिचा प्रसार केला. आज ती लगद्याच्या धंद्यातही चालते. लाकूड फिकट, मध्यम घनतेचं, साल सहज सुटणारी, वाफेत आज्ञाधारक. बोर्ड उजळ रंगाचा निघतो, त्यामुळे सालीचा एखादा कणही उठून दिसतो. तिचा खरा शत्रू म्हणजे कागद कारखान्यांचा भाव. तो चढला की आपल्याकडे फांद्याच येतात, आणि फांद्यांत सालीचं प्रमाण किती वाढतं हे वेगळं सांगायला नको.

सुरू किनाऱ्याकडून येतो. जड. मिश्रणात एक षष्ठांशाच्या वर मी कधी जाऊ दिला नाही.

रबराचं लाकूड केरळात तर भरपूर, आणि आता दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूलाही बागा झाल्यात. तंतू चांगले, रंग मलईसारखा, घनता ६०० च्या आसपास. पण लाकडात स्टार्च इतका की तोडल्यावर आठवड्याभरात निळी बुरशी येते आणि पाठोपाठ भुंगा. वखारीत साठवायचा विचारच करू नका, आलं की चिपरला. सालीजवळचा सुकलेला चीक वाफेत विरघळत नाही. तो बोर्डमध्ये मेणचट ठिपका म्हणून बसतो आणि त्या जागी रंग धरत नाही.

पाइनच्या जुन्या पॅलेट आणि खोकी भिवंडी-चाकण पट्ट्यात ढिगाने मिळतात. लांब तंतू मिळवायचा आपल्याकडचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग, पण हे लाकूड खडखडीत सुकं असतं. १०-१२ टक्के ओलाव्यावर चिपरमध्ये टाकलं तर ढलप्यांऐवजी काड्या आणि भुसा निघतो आणि ज्या लांबीसाठी आणलं तीच वाया जाते. आधी खिळे काढा, चुंबकाखालून न्या, ढलप्या रात्रभर पाण्यात भिजवा, मगच मिश्रणात घ्या. राळ जास्त असलेला तुकडा हाताला चिकट लागतो, तो बाजूला टाका.

बांबूचा तंतू २ ते ३ मिलिमीटरचा, म्हणून ताकदीला मदतच होते. मात्र त्यातली सिलिका चिपरची पाती आणि रिफायनरच्या डिस्क खाऊन टाकते. आंबा मिळाला तर घ्या, तक्रार करण्यासारखं त्यात फार नाही. सागाचा भुसा आणि ढलप्या फुकट मिळाल्या तरी नको. त्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे सागाचं दार शंभर वर्षं टिकतं, आणि त्याच द्रव्यांमुळे तंतू तंतूला धरत नाही. आणि उसाचं चिपाड, जरी ते लाकूड नसलं तरी, सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: आतला भुसभुशीत गर काढल्याशिवाय त्याचा बोर्ड करू नका. तो गर स्पंजासारखा पाणी पितो.

चौथं काम: ढलपी आणि वाफ

ढलपी २० ते २५ मिलिमीटर लांब आणि ३ ते ५ मिलिमीटर जाड. जाडी जास्त महत्त्वाची, कारण वाफ आत शिरते ती जाडीतून. जड लाकडाची ढलपी पातळ ठेवा, हलक्याची थोडी जाड चालेल. दोन्ही एकाच डायजेस्टरमध्ये एकाच वेळेला शिजवायची असतील तर हा एवढाच उपाय तुमच्या हातात असतो. तूरडाळ आणि मूगडाळ एका कुकरमध्ये लावल्यावर जे होतं तेच इथे होतं.

वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला ८ किलो धरला तर आतलं तापमान साधारण १७५ अंश असतं. रुंदपर्णी लाकडाला या तापमानाला दोन-तीन मिनिटं पुरतात. पाइनचं लिग्निन उशिरा मऊ होतं, त्याला थोडा जास्त वेळ लागतो. कमी शिजलं की पल्पमध्ये काड्या राहतात. जास्त शिजलं की हेमिसेल्युलोज विरघळून साखर होते: उतारा (लाकडातून मिळणारा लगदा) घटतो, सांडपाण्याचा भार वाढतो, बोर्ड काळपट आणि ठिसूळ होतो, आणि ती साखर प्रेसच्या प्लेटवर गुळाच्या पाकासारखी चिकटते. प्लेट वारंवार धुवावी लागत असेल तर आधी वाफेचा वेळ दहा-पंधरा सेकंदांनी कमी करून पाहा.

पाचवं काम: काचेच्या बरणीतला पल्प

चिमूटभर पल्प बरणीभर पाण्यात हलवून खिडकीच्या उजेडात धरा. सुटे तंतू ढगासारखे तरंगायला हवेत. काड्या दिसल्या तर वाफ कमी किंवा डिस्कमधलं अंतर जास्त. बरणीत दुधाळ गढूळपणा असेल तर तंतू तुटून पीठ झालंय: लाकूड सुकं होतं, नाहीतर डिस्क फार जवळ आणल्या आहेत.

मग निथळण्याची वेळ मोजा. रोज तेवढाच पल्प, तेवढंच पाणी, तळाला तीच जाळी आणि हातात घड्याळ. निलगिरीचं प्रमाण वाढलं किंवा पीठ वाढलं की निथळायला वेळ लागतो. हा आकडा दर दोन तासांनी प्रेसवाल्याला कळवा. पल्पमध्ये काय बदललं हे त्याला एरवी पत्रा फुगल्यावरच कळतं.

सहावं काम: प्रेस आणि भट्टी

ओल्या पद्धतीत प्रेस तीन टप्प्यांत चालतो: आधी भरपूर दाबाने पाणी पिळायचं, मग दाब सोडून वाफेला वाट द्यायची, मग पुन्हा दाबून सुकवायचं. मागच्या बाजूची जाळी या वाफेसाठीच असते, पॅडवरच्या त्या खुणा तिच्याच. हळू निथळणाऱ्या पल्पला मधला टप्पा वाढवून द्या. नाही दिलात तर दाब सुटताना मध्यभागी फोड येतो आणि ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज येतो.

प्रेसनंतर १५० ते १६५ अंशांवर काही तास भाजणं पाणीरोधासाठी गरजेचं आहे. रुंदपर्णी लाकडाच्या बोर्डला त्याचा फायदा ठळक दिसतो. पण पाइनचं प्रमाण जास्त असलेला किंवा तेल पाजलेला बोर्ड भट्टीत स्वतःहून तापत जातो. भट्टीतून काढलेले पत्रे गरम असताना उंच थप्पी लावून ठेवू नका. रात्रपाळीत थप्पीच्या पोटातून धूर निघालेला मी पाहिला आहे. आधी थंड करा, मग ओलावा देऊन ५ ते ८ टक्क्यांवर आणा.

सातवं काम: चोवीस तासांची चाचणी

१०० बाय १०० मिलिमीटरचे पाच तुकडे, पत्र्याच्या वेगवेगळ्या भागांतून. एक तुकडा घेऊ: जाडी ३.२० मिलिमीटर, वजन ३०.४ ग्रॅम, म्हणजे घनता ९५०. साध्या पाण्यात चोवीस तास बुडवून, टिपून, पुन्हा मोजला: जाडी ३.८४, वजन ३९.५. जाडी २० टक्के फुगली, पाणी ३० टक्के प्यायला. हे आकडे आयएस १६५८ च्या चालू आवृत्तीतल्या मर्यादेशी ताडून पाहा. चाचणीची पद्धत आयएस २३८० मध्ये आहे. पाण्यातून काढलेला तुकडा फेकू नका. तो सुकवून पुन्हा जाडी मोजा. सुकल्यावर मूळ जाडीच्या जवळ आला तर तंतूंची पकड शाबूत आहे आणि फक्त मेण वाढवायचं आहे. फुगलेलाच राहिला तर पकड सुटली आहे. तेव्हा मेणाचा डबा बाजूला ठेवून वाफ, रेझिन आणि मिश्रणाकडे वळा.

मिश्रण बदलायचं असेल तर

एका दिवसात कोणत्याही जातीचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त हलवू नका, आणि प्रमाण सुक्या वजनावर धरा. पावसाळ्यात ८० टक्के ओलं लाकूड आणि मे महिन्यात २५ टक्के ओलं लाकूड काट्यावर सारखंच दिसतं, पण बोर्डमध्ये नाही. नवी जात आली तर आधी तिच्या एकटीचे हातपत्रे (हाताने केलेले नमुन्याचे छोटे पत्रे) करा, मग मिश्रणात दहा टक्क्यांनी घाला, तीन पाळ्या चालवा, चोवीस तासांचे आकडे हातात येईपर्यंत पुढची वाढ थांबवा.

प्रत्येक बदलाच्या दिवशी पत्र्याचा वहीच्या पानाएवढा तुकडा कापून त्याच्या मागे, जाळीच्या बाजूला, मार्करने तारीख, मिश्रण, वाफेची मिनिटं आणि निथळण्याचे सेकंद लिहा आणि कपाटात उभा लावून ठेवा. पावसाळ्यात तक्रार आली की सगळ्यात आधी हे कपाट उघडायचं.